'अनुशेष' म्हणजे नुसतं मागासलेपण? अजिबात नाही

पवनीकर: काल इथे एकाने लिहिलं की अनु म्हणजे मागून, शेष म्हणजे उरलेलं, उगाच जड सरकारी शब्द, सरळ 'मागासलेपण' म्हणा. फोड बरोबर आहे हो, पण पुढचं वाचून डोकं फिरलं. मागास म्हटलं की दोष आमचा, आम्हीच आळशी. अनुशेष म्हटलं की कोणाच्या तरी नावावर बाकी निघते. राज्यातला कुठला भाग विकासात किती मागे पडला हे मोजायला नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ ला ही बाकी रुपयात मांडली, एकूण ३१८६ कोटी, त्यात विदर्भाचे १२४६. मागासलेपण असं मोजून दाखवा बरं!

जुना वाचक: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. १९९४ ची स्थिती धरून अनुशेष परत मोजला तर १४ हजार कोटी निघाला. मोजून काय मिळालं? शब्द गोड झाला, शेत कोरडंच.

रत्नागिरीकर: तुमचा निदान हिशोब तरी झाला. विदर्भ, मराठवाडा वेगळे मोजले आणि आमचं कोकण टाकलं 'उर्वरित महाराष्ट्रा'त, पुणे-कोल्हापूरच्या पंगतीत. मे महिन्यात माझी आजी दोन डोंगर उतरून पाणी आणायची, तिचा अनुशेष कुठल्या खात्यात?

पवनीकर: भाऊ, विषय शब्दाचा चाललाय.

रत्नागिरीकर: शब्दाचाच बोलतोय मी! जो मोजला तोच अनुशेष, आणि बाकीच्यांनी काय गप्प बसायचं?

नोकरीवाली: तुम्ही सगळे सिंचनावरच अडकलात. आमच्याकडे अनुशेष म्हणजे राखीव पदं न भरलेली. बिंदुनामावलीत, म्हणजे कुठली जागा कोणत्या प्रवर्गाची त्या यादीत, जागा दिसते, जाहिरात येत नाही, माझ्या भावाचं वय त्यातच निघून गेलं. ह्याला मागासलेपण म्हणणार का तुम्ही? जागा हक्काची होती, दिली नाही.

जुना वाचक: हे मात्र मान्य, इथे दुसरा शब्द बसत नाही. पण सिंचनाचं वेगळं आहे, तिथे पैसे दिले तरी काम होत नाही.

पवनीकर: वेगळं कसं? वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, खर्च धरला होता ३७२ कोटी. माझ्या मामाचं घर वैनगंगेच्या पाण्यात गेलं, मोबदल्यासाठी कचेरीत खेटे घालून घालून माणूस थकला, आणि कालवा शेतात कधी येणार हे कोणी धड सांगेना. द्यायचं होतं, पोचलं नाही, हाच अनुशेष.

जुना वाचक: बरं, ठेवा तुमचा शब्द. पण मामांच्या घराचा आकडा त्या १२४६ कोटीत नाही, एवढं तरी माना.

पवनीकर: नाहीच आहे. म्हणून तर म्हणतो, मोजणी अजून संपली नाही.