मदत हवी आहे: दीड वर्षाच्या लेकीचा लिप टाय कापावा का?

ताईंनो, डोकं चालेनासं झालंय. लेक १९ महिन्यांची आहे. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी आतली पट्टी जाड आहे आणि पार पुढच्या दोन दातांच्या मधे उतरली आहे, त्यामुळे दातांत फट दिसते. डेंटिस्ट म्हणाले, लेझरने कापून टाकू, पाच मिनिटांचं काम. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, हात लावू नका. दुधाच्या दातांत फट असतेच, आणि कायमचे सुळे येईपर्यंत, म्हणजे ११-१२ वर्षांपर्यंत, ती बहुतेकदा आपोआप भरते.

दूध ती नीट प्यायली, वजन छान आहे, पोळी-भाजी खाते. अडचण एकच, ब्रश करताना ओठ वर केला की किंचाळते आणि तिथे दुधाचा थर राहतो. कीड लागेल का, हीच खरी धास्ती. (सासूबाई म्हणतात, फट असलेली मुलगी भाग्यवान. बरं!)

कोणी या वयात कापून घेतलंय का? भूल पूर्ण दिली की फक्त जागेवर? नंतर ओठ उचलून व्यायाम करावे लागतात म्हणे, ते एवढ्या पोरीला कसे जमवलेत? आणि थांबलेल्यांनी ब्रशचं कसं निभावलं, तेही सांगा.