बास्क भाषा: पत्ता सांगताना 'को' कधी आणि 'रेन' कधी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या सप्टेंबरपासून आम्ही उत्तर स्पेनमधल्या डोनोस्तियाला राहतो. स्पॅनिशमध्ये याच गावाला सान सेबास्तियान म्हणतात. मुलीच्या शाळेत सगळं एउस्कारातून, म्हणजे बास्कमधून चालतं, म्हणून मीही संध्याकाळी एउस्काल्तेगीत जाते (मोठ्या माणसांचे बास्कचे वर्ग). सध्या जागा आणि दिशांचा धडा चालू आहे. बाई स्पॅनिशमधून समजावतात आणि माझं स्पॅनिश अजून कच्चं आहे. शेवटी मी वहीत शब्दांसमोर सरळ मराठी लिहायला लागले आणि पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडल्या.

एचे म्हणजे घर. एचेआन = घरात, एचेरा = घरी (जायचं), एचेतिक = घरून. 'पर्यंत'लाही प्रत्यय आहे: प्लासाराइनो = चौकापर्यंत. उजवा एस्कुइन, डावा एस्केर. उजवीकडे वळायचं तर एस्कुइनेरा, डावीकडे एस्केर्रेरा. इथवर मजेत चाललं होतं.

मागच्या आठवड्यात एका आजींना विचारलं, "गेल्तोकिरा नोन्दिक?" गेल्तोकी म्हणजे स्टेशन, नोन्दिक म्हणजे कुठून. त्यांनी नदीकडे हात केला आणि म्हणाल्या, "सुबीतिक." सुबी म्हणजे पूल, आणि 'तिक' मी 'पासून' असं पाठ केलेलं. पुलापासून पुढे कुठे, म्हणून मी तशीच उभी. मग डोक्यात प्रकाश पडला: पुलावरून! आपणही 'कुठून आलात?' आणि 'कुठून जाऊ?' दोन्हीकडे 'कुठून'च म्हणतो. नोन्दिक तसंच आहे. मारिया क्रिस्तिना पूल ओलांडला आणि स्टेशन समोर. इतका आनंद झाला की घरी येऊन आधी तेच वहीत लिहिलं.

आता अडलंय ते 'चा'पाशी. बास्कमध्ये त्याला दोन प्रत्यय दिसतात. आमारेन एचेआ = आईचं घर, पण दोनोस्तियाको एचेआ = डोनोस्तियाचं घर. मी समजले, माणसाला 'रेन' आणि निर्जीव वस्तूला किंवा गावाला 'को'. पण मग पुस्तकात 'स्टेशनच्या शेजारी'ला गेल्तोकियारेन ओन्दोआन कसं? स्टेशन तर निर्जीव! बाईंना विचारलं, त्यांनी भराभर चार उदाहरणं दिली, आणि मी आणखीच गोंधळले. कुणी ही भाषा शिकलं असेल तर कृपया मराठीतून समजावा.

प्रतिसाद १

ताई, मी बिल्बाओला पाच वर्षं आहे. मीही इथेच अडलो होतो. सजीव-निर्जीव आधी बाजूला ठेवा. मराठीत नुसता 'चा' न लावता '-तला, -वरचा, -कडचा, इथला' लावून बघा. तो शोभला तर बहुतेक वेळा 'को'.

दोनोस्तियाको एचेआ = डोनोस्तियातलं घर. गेल्तोकिको एर्लोखुआ = स्टेशनवरचं घड्याळ. एस्कुइनेको कालेआ = उजवीकडचा रस्ता. काळालाही तेच चालतं: गाउर्को = आजचा. 'आईतलं घर' आपण म्हणत नाही, म्हणून आमारेन.

आता शेजारी, मागे, समोर. ओन्दो, आत्से, आउर्रे हे मुळात जागा दाखवणारे शब्द आहेत, आणि त्यांच्या आधी 'रेन' येतो, जसा आपल्याकडे सामान्यरूपाचा 'च्या' येतो. एचेआरेन आउर्रेआन = घराच्या समोर. तो 'रेन' गाळून एचे आउर्रेआनही म्हणतात, जसं आपण घरासमोर म्हणतो.

दोन्ही एकत्र बघायचे तर हे घ्या: गेल्तोकियारेन ओन्दोको ताबेर्ना. स्टेशन-च्या शेजार-चा बार. 'च्या'ला रेन, 'शेजारचा'मधल्या 'चा'ला को. मला हे एका वाक्यातच कळलं होतं.

धागाकर्ती

दादा, किती आभार मानू! 'शेजारचा' वाचलं आणि गाठ सुटली. दुपारभर घरात फिरून म्हणत होते: माहाई गाइनेको लिबुरुआ, टेबलावरचं पुस्तक. मुलीनेही मान डोलावली, म्हणजे बरोबर असावं.

एक शेवटचं. शनिवारी आम्ही सारौत्सच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. बिल्बोरा (बिल्बाओला), दोनोस्तियारा म्हणतात, तसं सारौत्सरा चालेल का?

प्रतिसाद २

नाही चालणार. गावाच्या नावाच्या शेवटी व्यंजन असेल तर 'रा'च्या आधी 'ए' येतो: सारौत्सेरा. 'मध्ये'लाही सारौत्सेन. येताना मात्र सारौस्तिक आणि तिथल्या वस्तूला सारौस्को. तिथे त्स चा नुसता स होतो. इरुन गावाचं असंच, इरुनेरा आणि इरुनेन, फक्त न नंतर त चा द आणि क चा ग होतो: इरुन्दिक, इरुन्गो. तिकीट काढताना "सारौत्सेरा, मेसेदेस" म्हणा. मेसेदेस म्हणजे कृपया.