लॅपटॉपवर पास, सामायिक रनरवर मधूनच नापास

प्रश्न (जळगाव): केळीभावाच्या ॲपमधली 'आजचा भाव' टेस्ट लॅपटॉपवर कायम पास. सामायिक रनरवर (टेस्ट आपोआप चालवणारं, अनेकांनी मिळून वापरायचं मशीन) रात्री पडते, सकाळी तोच कमिट (कोडची जतन केलेली आवृत्ती) पुन्हा चालवला की हिरवा, म्हणजे पास. ३ रिट्राय (पडली की आपोआप पुन्हा चालवणं) लावून मोकळं व्हावं का?

उत्तर (धुळे): नका लावू भाऊ, रोग झाकला जाईल. आधी पडण्याच्या वेळा लिहून काढा. सगळ्या रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या असतील, तर रनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आहे: आपली तारीख बदलली, त्याची कालचीच. टेस्टमध्ये घड्याळ यूटीसी १९:०० ला गोठवा, म्हणजे आपले ००:३०. लॅपटॉपचा टाइमझोनही यूटीसी करा. तिथेही पडली की चोर सापडला. कोडमध्ये 'एशिया/कोलकाता' (भारतीय वेळेच्या टाइमझोनचं नाव) स्पष्ट द्या. रनरचा टाइमझोन बदलू नका, तो इतरांचाही आहे.

उत्तर (भुसावळ): दिवसाही पडत असेल तर एक्झिट कोड (प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, संपताना मिळणारा आकडा) बघा. १३७ म्हणजे प्रोसेस सिग्नल ९ ने मारली गेली, बहुधा मेमरी संपून. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं तर शेजारच्या जॉबने (त्याच रनरवर चाललेल्या दुसऱ्या कामाने) तोच पोर्ट (नेटवर्क जोडणीचा क्रमांक) धरलाय; एका रुळावर दोन गाड्या. पोर्ट ० मागा, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा देते. टेस्टचा क्रम रँडम असेल तर सीड (ज्या आकड्यावरून तो क्रम ठरतो) लॉगमध्ये छापा, नाहीतर तोच क्रम परत मिळणं अवघड.

प्रश्नकर्ता: सगळ्या वेळा १२ ते ५ मधल्याच निघाल्या. १९:०० ला गोठवल्यावर लॅपटॉपवरही पडली.