‘व्होल्वो हा श्रीमंतांचा भ्रम’ : सविस्तर उत्तर

घाटमाथा (पुणे)

या मंचावर ‘दुसरी बाजू’ यांनी काल लिहिलं, "सुरक्षेसाठी व्होल्वो घेणं हा श्रीमंतांचा भ्रम आहे. नेलमंगलाला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तेवढ्या पैशात पाच फाइव्ह स्टार देशी गाड्या येतात." दोन ओळींत उत्तर देऊन सोडणार होतो, पण रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी नेलमंगला. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूजवळ कंटेनर दुभाजक ओलांडून व्होल्वोच्या एक्ससी९०वर उलटला आणि आतले सहाही जण गेले. एक अख्खं कुटुंब संपलं. तो मुद्दा गाडीची चेष्टा करायला वापरला जातो याची मला चीड येते. भारत एनसीएपीत, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या चाचणीत, गाडी समोरून ताशी ६४ किमी वेगाने आदळवतात, बाजूच्या धडकेसाठी वेग ५० असतो. टनावारी लोखंड वरून कोसळलं तर माणसं वाचतील अशी कार जगात कोणीही बनवत नाही. तिथे प्रश्न कंटेनरचा आणि दुभाजकाचा होता.

आता ‘श्रीमंत’. माझी एक्ससी६० २०१९ची डिझेल आहे, वापरलेली घेतली. नव्या देशी एसयूव्हीच्या वरच्या मॉडेलला जेवढे पडतात साधारण तेवढ्यात आली. ह्या मॉडेलला युरो एनसीएपीने, म्हणजे युरोपातल्या तशाच चाचणीने, २०१७ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ९८ टक्के दिले होते. पण माझी खात्री आकड्यांनी पटली नाही. खंबाटकीचा बोगदा उतरून पुण्याकडे येताना ते एस आकाराचं वळण सगळ्यांना माहीत आहे. पावसात, रात्री, तिथे एक टेम्पो बंद पडून उभा, मागचा एकही दिवा चालू नाही. माझा पाय ब्रेकपर्यंत जायच्या आत गाडीने ब्रेक दाबला आणि बेल्टने मला सीटला आवळून धरलं. शेजारी बायको, मागे वडील. ज्यांना हा भ्रम वाटतो त्यांनी वाटू द्यावा.

आणि खांदा-कमरेवरून जाणाऱ्या ज्या तीन बिंदूंच्या सीटबेल्टच्या पट्ट्यामुळे देशी गाड्यांनाही आज स्टार मिळतात, तो व्होल्वोच्या नील्स बोलिनने १९५९ मध्ये आणला. आधी तो साबच्या विमानांसाठी वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. कंपनीने पेटंट बाकीच्यांसाठी खुलं ठेवलं. एवढी जाण ठेवून तरी बोला.

दुसरी बाजू (ठाणे)

जाण आहे. पट्टा १९५९चा आहे आणि तो आता सगळ्यांच्या गाडीत आहे, मग त्यासाठी २०२५ मध्ये सत्तर लाख का मोजायचे?

माझा मुद्दा तुम्ही बाजूला सारलात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले निम्म्याहून कितीतरी जास्त दुचाकीवर होते किंवा पायी चालत होते. त्यांच्यासाठी तुमची दोन टनांची गाडी सुरक्षा नाही, धोका आहे. पैसेवाला माणूस स्वतःभोवती पोलाद उभं करतो आणि त्याचं खड्ड्यांशी, अंधाऱ्या टेम्पोंशी भांडण तिथेच संपतं. ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते सगळे असे आत जाऊन बसले, तर बाहेरच्यांसाठी भांडायचं कोणी?

आणि कंपनीच्या गोष्टी सांगताना सगळ्याच सांगा. ‘२०२०पर्यंत नव्या व्होल्वोत कोणी मरणार नाही, गंभीर जखमी होणार नाही’ हे ध्येय त्यांनीच जाहीर केलं होतं. ते गाठलं गेलं नाही. त्याच २०२० साली पुढच्या सीटबेल्टच्या पोलादी केबलसाठी जगभरातून वीस लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. बेल्टच्या!

घाटमाथा

परत बोलावल्या, लपवल्या नाहीत. आणि बाहेरच्यांचं म्हणाल, तर समोरची गाडी ओळखून आपोआप थांबणारी यंत्रणा २००८च्या एक्ससी६०मध्ये प्रत्येक गाडीला दिली होती. पादचाऱ्यासाठी बॉनेटवर उघडणारी एअरबॅग २०१२च्या व्ही४०मध्ये. बाहेरच्या माणसाचा विचार करणारी दुसरी कंपनी दाखवा.

सातारी तिखट

दाखवा काय दाखवा? ती व्ही४० आमच्या रस्त्यावर दिसतीय का कुठं?

मी टाटा नेक्सॉनवाला. २०१८च्या डिसेंबरात ग्लोबल एनसीएपीचे पाच स्टार घेणारी पहिली भारतीय गाडी हीच. आम्हाला स्वीडनला जायची गरज पडली नाही. माझ्या मेव्हण्याकडं एक युरोपियन गाडी आहे, कंपनीचं नाव घेत नाही. पुढच्या काचेला दगड लागला. काचेमागं कॅमेरा, मग काच बदला, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्या. बिल बघून माणूस दोन दिवस जेवला नाही. विमावाल्यांनी निम्मं कापलं. जवळचं सर्व्हिस सेंटर पुण्यात. तुमची काच फुटली की मग सांगा सुरक्षेच्या गोष्टी.

आणि ही कंपनी स्वीडिश राहिली कुठं? २०१० पासून मालक चिनी, गीली. त्याआधी फोर्ड. आपली लोकं चिनी मोबाईलवर बहिष्कार टाकतात आणि हे साहेब चिनी गाडीत स्वीडनचा अभिमान मिरवतात.

उत्तरदिशा (गोथेनबर्ग)

मी बारा-पंधरा वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते, नवरा व्होल्वोच्या एका पुरवठादाराकडे आहे, त्यामुळे माझं मत त्या हिशेबाने वाचा. मालक चिनी आहे, बरोबर. धडक चाचण्यांचं केंद्र आजही इथेच आहे. १९७० पासून कंपनीचं पथक या भागातल्या अपघातांच्या जागी जाऊन मोजमाप घेतं. पैसे कोणाचे यापेक्षा ती नोंद कोणाकडे साठली आहे हे महत्त्वाचं. आणि सातारकर, शिवनेरीला लागते ती बसवाली व्होल्वो वेगळी कंपनी आहे, १९९९ला कारचा धंदा फोर्डला विकला तेव्हापासून. ती अजून स्वीडिशच आहे, तेवढं समाधान घ्या.

पण मला घाटमाथांशीही वाद घालायचा आहे. इथे कोणी व्होल्वोला कवच समजून घेत नाही. अर्धी गल्ली नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेल्या व्होल्वो व्ही६०, व्ही९० चालवते, स्टेशनवॅगन, मागे कुत्रा आणि स्की. माणसं वाचतात ती रस्त्यामुळे. १९९७ मध्ये इथल्या संसदेने ठरवलं की रस्त्यावर मृत्यू मान्यच करायचा नाही. मग तीन लेनच्या रस्त्यावर मध्ये पोलादी दोर ताणले, आलटून पालटून एका बाजूला दोन लेन, दुसरीला एक. समोरासमोरच्या धडकाच बंद. चौकांच्या जागी वळसा घालून जायची वर्तुळं केली. दारूची मर्यादा भारतापेक्षाही कडक. एक कोटीच्या देशात वर्षाला दोनशेच्या आसपास माणसं जातात. गाडी ही त्या साखळीतली शेवटची कडी.

आणि एक गोष्ट, जिच्यावर इथे एकही शब्द आला नाही. मुलं. व्होल्वोने १९७२ मध्ये मागे तोंड करून बसायची बाळसीट आणली. इथे चार वर्षांपर्यंत मूल तसंच बसतं. मी पुण्याला येते तेव्हा सासरी दर वेळी तोच तमाशा, "रडतंय गं, घे मांडीवर". पाऊण कोटीच्या गाडीत पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर बाळ बघितलं आहे मी. घाटमाथा, तुमच्या गाडीत मागे बसलेल्या वडिलांनी त्या रात्री बेल्ट लावला होता का?

घाटमाथा

नव्हता. ते लावत नाहीत. गुदमरतं म्हणतात.

दुसरी बाजू

मग ९८ टक्के कोणासाठी होते?

सातारी तिखट

एक मिनिट. वडिलांवरून बोलायचं काम नाही. आणि ताई, तिकडं बसून आम्हाला शिकवू नका. आमच्याकडं पाचजणांच्या गाडीत सातजण असतात, कारण दुसरी गाडी नसते. आईच्या मांडीवर पोर सुरक्षित असतंय. आम्ही तसेच वाढलो, आमच्या आज्ज्या बैलगाडीतनं पोरं घेऊन पंढरपूरला गेल्या.

उत्तरदिशा

बैलगाडी ताशी ५०ने आदळत नाही. हिशोब करा. ताशी ५० म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. धडकेत ते एक दशांश सेकंदात शून्यावर आलं, तर दहा किलोचं बाळ सुमारे १४० किलोच्या ओढीने पुढे जातं. कुठली आई धरून ठेवेल ते? आणि आईलाही पट्टा नसेल तर ती पूर्ण वजनासकट बाळावर आदळते. ‘आम्ही तसेच वाढलो’ हे वाचलेले लोक म्हणतात. जे गेले ते इथे लिहायला येत नाहीत.

सातारी तिखट

तुमची भाषा सांभाळा. आमच्या आयाबायांना खुनी म्हणताय तुम्ही.

उत्तरदिशा

मी तसं म्हटलेलं नाही, आणि तुम्हाला ते माहीत आहे. तुमचा राग समजते, पण मुद्दा सोडणार नाही.

कृष्णाकाठ

मी सहसा वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या घरात हे झालेलं आहे. मामा चालवत होते, बेल्ट लावलेला, एअरबॅगची गाडी. मावशी त्यांच्याच मागे बसलेली, बेल्ट नाही, कारण मागच्या सीटचे पट्टे आम्ही कव्हरखाली कोंबून टाकले होते, टोचतात म्हणून. उभ्या ट्रकवर गाडी गेली. मामांची एअरबॅग उघडली, पट्ट्याने त्यांना धरलंही. मग मावशी मागून त्यांच्या सीटवर आली. डॉक्टरांनी सांगितलं की मामांच्या मानेला जे झालं ते मागून झालं. मावशी वाचली. ती नंतर कधीच गाडीत बसली नाही, आणि तिच्यासमोर हा विषय आम्ही काढत नाही.

गाडी कोणती होती ते महत्त्वाचं नाही. ट्रकला मागे चमकपट्टी नव्हती हेही खरं आहे, आणि त्याबद्दल ‘दुसरी बाजू’ यांचं सगळं मला मान्य आहे. पण ते पट्टे कव्हरखाली आम्हीच कोंबले होते.

मध्यरात्रीचा डॉक्टर (नाशिक)

कृष्णाकाठ, लिहिलंत त्याबद्दल आभार. हायवेलगतच्या रुग्णालयात काम करतो. मागे बसलेला पेशंट आला की आम्ही आधी विचारतो, बेल्ट होता का. उत्तर जवळपास नेहमी एकच असतं. सप्टेंबर २०२२ला पालघरला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा महागडी जर्मन गाडी होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. त्यानंतर महिनाभर सगळे मागे पट्टे लावत होते. मग पुन्हा कव्हरखाली.

कायदा तर आहेच. मागच्या सीटलाही बेल्ट सक्तीचा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बाळसीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड. मला अजून असा दंड भरलेला माणूस भेटलेला नाही.

दुसरी बाजू

म्हणजे वाद माझ्याच बाजूला आला. सत्तर लाखांची गाडी आणि मागे कोंबलेला पट्टा, यात गाडी काय करणार? हेच म्हणत होतो.

घाटमाथा

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता की गाडीला अर्थ नाही. मी आजही म्हणतो की त्या टेम्पोपुढे दुसऱ्या बऱ्याच गाड्यांनी मला मदत केली नसती. मागे पट्टा नसला की माझी गाडी घंटा वाजवत राहते, आणि वडिलांचा त्रागा नको म्हणून मी ती वाजू देतो. त्यात गाडीचा दोष शून्य.

रस्त्यांचं तुमचं बरोबर आहे. त्यासाठी भांडायला मी तयार आहे. ते भांडताना मी कमी सुरक्षित गाडीत बसलंच पाहिजे, हे मात्र अमान्य.

दुसरी बाजू

बसा कशातही. एस वळणावर बंद टेम्पोंसाठी क्रेन आणि दिवे हवेत, त्या अर्जावर सही कराल का? मी मसुदा करतो.

घाटमाथा

पाठवा. करेन.

उत्तरदिशा

वेगाचं राहिलं. २०२० पासून व्होल्वोने सगळ्या नव्या गाड्यांना ताशी १८०ची मर्यादा घातली. इथे पुष्कळ लोक चिडले, ‘आम्हाला लहान मुलं समजता का’. समृद्धीवर १२०ची मर्यादा असताना भारतात तीच ओरड ऐकते तेव्हा वाटतं की या बाबतीत आपण सगळे एक आहोत.

सातारी तिखट

समृद्धीवर १२०ला तरी कोण थांबतंय. असो.

मी व्होल्वो घेणार नाही. काच माझ्याच्यानं परवडणार नाही आणि नेक्सॉनवर माझा विश्वास आहे. ताईंच्या बोलण्याची पद्धत मला आवडली नाही, हेही सांगून ठेवतो. पण कृष्णाकाठ यांचं वाचून संध्याकाळी मागच्या सीटचं कव्हर काढलं. पट्टे आत सापडले, एकाचं बक्कल खालीच गेलेलं. मुलगी दहा महिन्यांची आहे. नेक्सॉनला ती सीट बसते का, एवढंच सांगा. बाकी भाषण नको.

उत्तरदिशा

बसते. मागच्या दोन्ही कडेच्या सीटवर, पाठ आणि बैठक मिळतात तिथे फटीत हात घाला, दोन लोखंडी कड्या लागतील. तेच आयसोफिक्स. सीट घेताना मुलीचं वजन आणि उंची सांगा, मागे तोंड करून किती किलोपर्यंत चालते ते विचारा, जेवढं जास्त तेवढं चांगलं. वापरलेली घेणार असाल तर अपघातातून आलेली नाही याची खात्री करा. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड करून ती कधीही लावू नका. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

पहिला आठवडा रडेल. मध्ये थांबा, बाहेर घ्या, शांत करा, पुन्हा बसवा.

सातारी तिखट

आई ऐकणार नाही.

मध्यरात्रीचा डॉक्टर

त्यांना माझ्याशी बोलायला द्या. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो.