स्ट्रीट रेसर (अटारी २६००) खरंच इतका टाकाऊ आहे का?

म्हापसावाला:
काकांनी आखातातनं आणलेलं अटारी २६००, टीव्हीला जोडायचं जुनं गेम कन्सोल, माळ्यावरनं काढलंय, त्यात स्ट्रीट रेसर या गाड्यांच्या गेमची कार्ट्रिज मिळाली. चालू होतंय पण गाडी आपोआप थरथरते, मध्येच एका बाजूला पळते. नेटवर बघावं तर जो तो म्हणतो, १९७७ ला कन्सोलबरोबर जे ९ गेम आले त्यात हाच सगळ्यात कंटाळवाणा. चतुर्थीला सगळी भावंडं घरी येतात, तेव्हा मला हा लावायचाय. थरथर कशी घालवू? आणि लोक बोलतात त्यात कितपत तथ्य?

फोंडेवाला:
थरथर गेमची नाही रे, पॅडलची, म्हणजे नॉब फिरवून गाडी चालवायच्या कंट्रोलरची. नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो, नॉब फिरवला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो, कन्सोल एक कपॅसिटर रिकामा करतं आणि तो परत भरेपर्यंत स्क्रीनच्या किती ओळी गेल्या ते मोजतं, त्यावरनं गाडी कुठे ते ठरतं. आतल्या कार्बनच्या पट्टीवर घाण बसली की रेझिस्टन्स उड्या मारतो आणि गाडीपण. आपल्याकडची दमट खारी हवा, त्यात माळ्यावर इतके पावसाळे, व्हायचंच. स्क्रू काढून उघड, कॉन्टॅक्ट क्लीनर मार, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, नीट सुकल्यावरच लाव. आणि नॉब दोन्ही टोकांना अडतो ना ते बघ. इंडी ५०० या गेमबरोबर यायचे ते ड्रायव्हिंग कंट्रोलर दिसायला तसेच, पण गोल गोल फिरतच राहतात, ते इथे चालणार नाहीत.

मडगाववाला:
एकट्याने खेळलास तर टीका शंभर टक्के खरी. रस्ता सरळ, वळण नाही, समोरनं येणाऱ्या गाड्या चुकवायच्या, बस. लोक लगेच १९८३ चा एंड्युरो हा रेसिंग गेम दाखवतात, त्यात रात्र, बर्फ, धुकं सगळं याच मशीनवर, पण त्याला कार्ट्रिजमध्ये ४ केबी जागा मिळाली, याला २. रॅम १२८ बाइट, पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही, टीव्हीवर ओळ उमटतानाच प्रोग्रॅमने सांगायचं काय काढायचं ते. हार्डवेअर खेळाडूंची चित्रं देतं दोन आणि हा गेम लिहिणाऱ्या लॅरी कॅप्लनने त्यात चौघांना बसवलं, वर खेळाचे २७ प्रकार दिले! मला हे फार मोठं वाटतं. रेस म्हणून बघूच नका त्याच्याकडे, चौघांनी एका टीव्हीसमोर बसून आरडाओरडा करत खेळायचा गेम आहे तो, आणि परीक्षण लिहिणारे बहुतेक एकटेच खेळतात.

फोंडेवाला:
हे पटलं. पोरांना आधी त्यातला नंबर क्रंचर हा प्रकार लाव, आकड्यांवर गाडी घालून गुण मिळवायचे, लहानांनाही लगेच कळतं. स्लॅलम नंतर. चौघांसाठी पॅडलच्या दोन जोड्या लागतील, एकेका पोर्टला एक जोडी.

म्हापसावाला:
एकच जोडी आहे, नॉब अडतात दोन्हीकडे. दुसरी जोडी कुणाकडे पडून असेल तर सांगा, म्हापसा ते मडगाव कुठेही येऊन नेतो.