पर्यावरणाचा तास कोणाच्या कार्यभारात?

भूगोलवाली
अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण हा 50 गुणांचा विषय आपल्या राज्यात अनेक वर्षे अनिवार्य आहे. त्याचे मूल्यमापन प्रामुख्याने प्रकल्प व सेमिनार यांवर होते आणि गुणपत्रिकेत श्रेणी उमटते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, तरीही हा स्वतंत्र विषय बंद करावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचा कार्यभार अपुरा पडतो त्याच्या गळ्यात हा तास येतो. गेल्या वर्षी आमच्याकडे तो हिंदीच्या सरांकडे होता. ते मनापासून शिकवीत, पण या विषयाचे एकही प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणतात, आणि ‘ध्वनिप्रदूषण : कारणे व उपाय’ या एकाच प्रकल्पाच्या अकरा प्रती मी स्वतः तपासल्या आहेत. त्यापेक्षा हा मजकूर भूगोल, जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र यांत मिसळून टाकावा.

जुना मास्तर
तीव्र असहमती. वकील महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याची दिशा दिली, पण त्यानंतर बारा वर्षे अंमलबजावणी इतकी ढिसाळ राहिली की डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आणला, आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिले. ‘सर्व विषयांत मिसळा’ हे सूत्र कागदावर शोभते. प्रत्यक्षात सगळ्यांचे काम ते कोणाचेच राहत नाही. परीक्षा जवळ आली की भूगोलाच्या पुस्तकातले पर्यावरणाचे प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून सोडले जाते, हे बाई, तुम्हालाही ठाऊक असेल.

भूगोलवाली
ठाऊक आहे, आणि मीही ते केले आहे. पण नावापुरता तास ठेवून काय साधले?

ओढ्याकाठी
दोघांचाही वाद विषयाच्या नावावर अडकला आहे. शिकवणाऱ्याच्या हाती काय दिले जाते, ते आधी पाहावे. अल्मोड्याच्या उत्तराखंड सेवा निधी पर्यावरण शिक्षा संस्थानाने डोंगरी शाळांसाठी सहावी ते आठवीचा जो अभ्यासक्रम घडवला, त्यात मुले आपल्याच गावातले चारा, जळण आणि पाणी यांचा हिशेब मांडतात. त्यामुळे तयार उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्या कामाचा कणा शिक्षकांचे प्रशिक्षण आणि हाती दिलेली कार्यपुस्तिका हा होता. आपल्याकडे राष्ट्रीय हरित सेना या केंद्र सरकारच्या योजनेतील शाळांच्या पर्यावरण मंडळांना वर्षाला 5000 रुपयांचे अनुदान ठरले होते. त्यात रोपे आणि फलक येतात, शिक्षकाचा वेळ येत नाही.

तासिका तत्त्वावर
वेळेचाच मुद्दा काढलात म्हणून लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना द्यावीत असे म्हटले आहे, तरी शाळेत फोटो काढून अपलोड करण्याचे काम संपत नाही. वृक्षारोपणाचे छायाचित्र वर पाठवले की उपक्रम झाला. ते रोप मे महिन्यात जगले का, हे कोणी विचारत नाही. अशात नवे प्रशिक्षण म्हणजे पुन्हा तीन दिवस सभागृहात बसून सरकपट्ट्या (स्लाइड) पाहणे. मला ते साहाय्य वाटत नाही.

ओढ्याकाठी
सरकपट्ट्यांचे प्रशिक्षण मीही मागत नाही. शिक्षकाला एकदा ओढ्यावर नेऊन पाण्यातले किडे कसे पाहावेत, विहिरीची पातळी दोरीने कशी मोजावी, हे दाखवणारा माणूस हवा, आणि पुढे वर्षभर फोनवर विचारता येईल अशी सोय हवी.

जुना मास्तर
ओढ्यावर नेणार कोण? फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेले विद्यार्थी बुडाले, आणि त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. ते होणे योग्यच होते, पण परवानग्या आणि हमीपत्रे यांच्या भीतीने मुख्याध्यापक आता शाळेमागच्या टेकडीलाही नको म्हणतात. जबाबदारी एकट्या शिक्षकावर राहिली तर प्रशिक्षण कितीही द्या, तो वर्गातच बसेल.

भूगोलवाली
हे मला पटले. विषय राहू द्या, अशी दुरुस्ती मी माझ्या मतात करते. मात्र तो ज्याला हवा आहे त्यालाच द्यावा आणि वेळापत्रकात दोन तासिका जोडून द्याव्यात. आमच्या महाविद्यालयापासून ओढा पंधरा मिनिटांवर आहे, आणि एका तासिकेत तिथे जाऊन हजेरी घेईपर्यंत परतण्याची वेळ होते.