चर्चची दारे रविवारपुरतीच उघडी का असावीत?

धागाकर्ता (मंडळीचा सभासद):
आमचे चर्च रविवारची उपासना आटोपली की कुलूपबंद होते आणि मागचा हॉल, पंखे, पाण्याची टाकी, संडास हे सगळे आठवडाभर नुसते पडून राहते. दुसरीकडे चंदगड-आजऱ्याहून रुग्ण घेऊन आलेले नातेवाईक कोल्हापुरात रात्री कुठे पथारी टाकतात, हे आपण सारे पाहतो. हा हॉल रात्री त्यांच्यासाठी आणि पुराच्या दिवसांत पूरग्रस्तांसाठी उघडावा, आणि दारातल्या पायऱ्यांना रॅम्प करावा, असे माझे म्हणणे आहे.

पंच कमिटीतील (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतील) एक वडील:
हेतूबद्दल दुमत नाही, पण किल्ली कोणाकडे राहणार? रात्री भांडण झाले किंवा चोरी झाली, तर जाब पंचांनाच विचारला जाईल. विजेचे बिलही अर्पणातूनच भरावे लागते. शिवाय आजच्या वातावरणात भुकेल्याला भात वाढला, तरी धर्मांतराचा आरोप व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासून मिशनने शाळा-दवाखाने चालवले हे खरे, परंतु त्यांना स्वतंत्र इमारती आणि पगारी माणसे होती. उपासनेच्या जागेची धर्मशाळा करणे वेगळे.

उत्तरेश्वर पेठेतून:
मी ख्रिस्ती नाही, तरीही बोलतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घर सोडून निघालेल्या माणसाने छप्पर कोणत्या धर्माचे, हे विचारले नाही. आरोपाची भीती असेल, तर हॉलच्या व्यवस्थेत शेजारच्या तालमीची चार पोरे घ्या आणि जेवणाबरोबर पत्रके वाटू नका. मग बोलणाऱ्याला बोलायला जागाच उरत नाही.

व्हीलचेअर वापरणारी एक सभासद:
हॉलवर एवढी चर्चा चालली आहे आणि रॅम्प शेवटच्या ओळीत उरकला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारतीही येतात. त्यामुळे हा उपकाराचा विषय नाही. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, आणि एकास बारा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) हा उतार धरला तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. एका चर्चमध्ये जेमतेम पाच फुटांची प्लायवूडची फळी टाकून तिलाच रॅम्प म्हटले होते. मागून दोघे ढकलत असताना पुढची चाके उंबऱ्याला अडली आणि शेवटी मला खुर्चीसकट उचलून आत नेले. उचलणाऱ्यांना सेवा केल्याचे समाधान मिळते, पण मला कोणाच्या हाताशिवाय प्रभुभोजनाला (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) यायचे आहे. संडासाचे दारही रुंद करा, नाहीतर दोन तासांच्या उपासनेसाठी मला सकाळपासून पाणी न पिता यावे लागते.

पंच कमिटीतील एक वडील:
ताईंचे म्हणणे मान्य. रॅम्प आणि संडासाचा ठराव मी स्वतः मांडेन, अठरा फुटांसाठी दुचाक्यांची जागा गेली तरी चालेल. हॉल रोज रात्री उघडण्यास मात्र माझा विरोध कायम आहे.

धागाकर्ता:
मग निदान पुरापुरते ठरवू. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली की हॉल उघडायचा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही. त्याआधी जयंती नाल्याचे पाणी आपल्या गल्लीत कुठवर चढते, हे जुन्या रहिवाशांना विचारून घ्यावे लागेल; हॉलच पाण्यात जाणार असेल, तर तिथे माणसे आणण्यात अर्थ नाही.